‘दुरुस्त’ या शब्दाची नासाडी

‘दुरुस्त’ हा शब्द फारसीतून मराठीत आला आणि घरातलाच होऊन बसला. त्याचा अर्थ बरोबर, ठाकठीक, जसे असावयास हवे तसे. घड्याळ दुरुस्त झाले म्हणजे ते वेळ बरोबर दाखवू लागले, एवढाच त्याचा अर्थ आपल्या आजोबांना ठाऊक होता. हल्ली मात्र या शब्दाला एक नवाच अर्थ चिकटला आहे. वस्तू काउंटरवरून आत गेली, चार दिवसांनी बाहेर आली आणि कागदावर शिक्का बसला, की ती ‘दुरुस्त’ झाली. ती चालते की नाही, हा म्हणे वेगळा प्रश्न! हा अर्थ आपण मुळीच मान्य करता कामा नये, हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेखाचा प्रपंच आहे.

आमच्या परिचयातील दादरच्या एका कुटुंबाची हकीकत पाहा. मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षाला. लॅपटॉप अकरा महिन्यांचा, म्हणजे वॉरंटीच्या आतला. एके दिवशी तो चार्ज होईना, म्हणून अधिकृत सेवाकेंद्रात दिला. केंद्राने मदरबोर्ड बदलून दिला. पैसे घेतले नाहीत. जॉबशीटवर ‘टेस्टेड ओके’ असे लिहून दिले. घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी, प्रकल्पाचे काम ऐन रंगात असताना, पडदा निळा झाला आणि यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाले. मग हे रोजचेच झाले. दुसऱ्या खेपेस केंद्राने ‘फॉरमॅट मारून’ दिला. दोष कायम. तिसऱ्या खेपेस काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “काका, आमच्याकडे तर चालतोय.” बँकेतून निवृत्त झालेले ते गृहस्थ शांतपणे उत्तरले, “अहो, तुमच्याकडे तो दहा मिनिटं चालतो. आमच्याकडे त्याला दिवसभर चालायचं आहे!”

सगळ्या वादाचे सार या एका वाक्यात आले आहे. दोष दोन जातींचे असतात. एक सदाचा, दुसरा अधूनमधून डोके काढणारा. सदाचा दोष दहा मिनिटांत दिसतो. अधूनमधून येणारा दोष यंत्र तापल्यावर, भार वाढल्यावर, स्मृतीचा एखादा विशिष्ट कोपरा वापरात आल्यावर दिसतो. यंत्र चालू केले, खिडकी उघडली, बंद केले, ही दुसऱ्या जातीच्या दोषाची तपासणी नव्हे. मलेरियाच्या रोग्याचा ताप उतरलेला असताना त्याच्या कपाळाला हात लावून ‘बरा आहे’ म्हणण्यासारखेच ते आहे.

आणि दुरुस्तीनंतरच असा दोष का उपटावा? त्यात गूढ काही नाही. मदरबोर्ड बदलायचा म्हणजे यंत्राचे जवळजवळ सगळे आतडे बाहेर काढायचे. प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पट्टी आणि पंखा सुटतो. त्याखालची पेस्ट पुसून नवी लावावी लागते. ती नीट बसली नाही किंवा स्क्रू कमीजास्त आवळले गेले, तर प्रोसेसर भडकतो आणि शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास पोचला की स्वतःला वाचविण्यासाठी यंत्र बंद पाडतो. रॅमची पट्टी खाचेत अर्धवट बसली, एखादी चपटी केबल सैल राहिली, तरी परिणाम तोच. शिवाय बदलून बसविलेला भाग नवाच असेल असे नाही. कंपन्यांच्या वॉरंटीच्या अटींत ‘नवा किंवा नूतनीकृत’ असे शब्द पुष्कळदा बारीक टाइपात असतात. म्हणजे एकाचा दोष काढून दुसऱ्याच्या गळ्यात बांधण्याचीही शक्यता उरतेच.

हा दोष घरबसल्या पकडता येतो, आणि घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या कोणाही मुलाला जमेल इतके ते सोपे आहे. आधी सगळ्या फायलींची दुसरी प्रत काढून ठेवावी. मग विंडोजमधील ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ उघडावा; यंत्र कोणत्या तारखेला कोसळले ते तिथे तांबड्या खुणेने तारीखवार मांडलेले असते. दुरुस्तीच्या तारखेआधी खूण नाही आणि नंतर खुणांची रांग आहे, तर दुरुस्तीकडे बोट दाखविणारा याहून बोलका पुरावा दुसरा कोणता? ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘कर्नल पॉवर ४१’ अशी नोंद दिसेल. तिने हुरळून जाऊ नये. यंत्र नीट बंद न होता पुन्हा सुरू झाले एवढेच ती सांगते. का, ते सांगत नाही. ते कळण्यासाठी विंडोजच्या फोल्डरातील ‘मिनिडंप’च्या फायली जपून ठेवाव्यात. रात्री झोपताना ‘मेमटेस्ट ८६’सारखी स्मृतीची चाचणी लावून द्यावी, तिच्यात एक चूक निघाली तरी ती एक जास्तच. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर केंद्राला एकेक पट्टी ठेवून पाहण्यास सांगावे. शेवटी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहावे. तिथेही यंत्र कोसळले, तर विंडोजवर खापर फोडण्याची सोय उरत नाही. रोग बहुधा हाडामांसातला, म्हणजे हार्डवेअरचा आहे.

आता त्या ‘फॉरमॅट’कडे वळू. काउंटरवरचे हे रामबाण औषध. सर्दी असो की हाड मोडलेले असो, काढा एकच! प्रणालीच बिघडली असेल तर फॉरमॅटचा उपयोग होतो, हे खरेच. परंतु बोर्ड बदलल्यावर सुरू झालेल्या दोषावर, काही न तपासता फॉरमॅट मारणे म्हणजे दोन अपराध एकदम करणे होय. एक, मुलीचा अभ्यास पुसला जातो. दुसरा अपराध अधिक गंभीर आणि कमी दिसणारा: यंत्राने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेली पडझडीची वहीदेखील त्याच फटक्यात पुसली जाते. त्या तांबड्या खुणा, त्या मिनिडंपच्या फायली, सारे स्वाहा! गुन्ह्याच्या जागी पहिल्यांदा झाडू फिरवायचा आणि मग फिर्यादीला विचारायचे, पुरावा कुठे आहे?

यावर प्रतिपक्ष काय म्हणेल ते ठाऊक आहे. एकेका यंत्रापाशी माणूस बसवून ठेवणे परवडत नाही. गिऱ्हाईक यंत्र आपटतो, त्यावर चहा सांडतो आणि वॉरंटी मागतो. काउंटरवरची पोरे बिचारी हुकुमाची ताबेदार. यातला शेवटचा मुद्दा आम्हांला मान्य आहे. अनेक अधिकृत केंद्रे कंपनीची स्वतःची नसतात. कामे कंत्राटाने चालतात. ‘कॉल बंद’ करण्याची घाई त्या पोरांच्या मानेवर बसलेली असते. म्हणूनच आमचे भांडण त्यांच्याशी नाही. परंतु पहिला मुद्दा तद्दन लटका आहे. स्मृतीची चाचणी रात्रभर आपली आपण चालते. भाराची आणि तापमानाची चाचणीही तशीच. त्यासाठी माणूस लागत नाही, टेबलावरची जागा आणि एक रात्र लागते. चार दिवस यंत्र फळीवर पडून राहते, त्यातली एक रात्र त्याला चालू ठेवायला हरकत कोणाची? आणि चहा सांडल्याची खूण आत सापडली तर ती खुशाल कागदावर लिहावी. लिहिण्याला आमचा विरोध नाहीच. न लिहिण्याला आहे.

ही शिस्त आम्ही परदेशातून उसनी मागत नाही. ती याच शहराची आहे. जी. आय. पी. रेल्वेने १८७९ साली परळला कारखाना काढला. तिथे उघडलेले इंजिन केवळ नटबोल्ट बसले म्हणून गाडीला जोडले जात नसे. आधी ते चालवून पाहावे लागे. लालबाग-परळच्या गिरण्यांत साचा बंद पडला की जॉबर येई. त्याचे काम झाले की नाही हे त्याच्या तोंडावरून ठरत नसे, साच्यातून उतरणाऱ्या कापडावरून ठरे. १९८२ च्या संपानंतर त्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. परंतु कापडाने साक्ष द्यावी हा न्याय काही त्यांच्याबरोबर बंद पडलेला नाही. ज्या रस्त्याला डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणावयाचे आणि ज्याला अवघी मुंबई लॅमिंग्टन रोडच म्हणते, तिथल्या चिंचोळ्या दुकानात भिंगाखाली बोर्ड धरून बसलेला कारागीर आजही गिऱ्हाइकासमोर यंत्र चालवून दाखवतो. कारण ते उद्या परत आले तर पदराला खार त्यालाच लागायचा. पण वॉरंटीतले यंत्र त्याच्याकडे न्यावे तर सील मोडले म्हणून वॉरंटी नाकारली जाण्याची भीती! ज्याला येते त्याच्याकडे जाता येत नाही आणि ज्याच्याकडे जावे लागते तो तपासत नाही, असा हा पेच आहे.

कायदा मात्र आपल्या बाजूला आहे. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ चा. नवा २०१९ चा, २० जुलै २०२० पासून अमलात आलेला. सेवेतील त्रुटीबद्दल दोष काढून देणे, वस्तू बदलून देणे, पैसे परत करणे, नुकसानभरपाई देणे, असे आदेश आयोग देऊ शकतो. चाचणीवाचून दोष ठरत नसेल तर वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठविण्याची तरतूद कायद्यातच आहे; म्हणजे ‘आमच्याकडे चालतोय’ हा अखेरचा शब्द नव्हे! आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्क पडत नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. मध्य मुंबईचा ग्राहक मंच कैक वर्षे परळच्या पुरवठा भवनात भरत असे. आपल्यापैकी कितीजणांनी त्याचा जिना चढून पाहिला? १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे गट करून महिन्याचा किराणा एकत्र खरेदी करण्याची सवय मुंबईकरांना लावली. तूरडाळीच्या बाबतीत जागरूक असलेले आपण साठ हजारांच्या यंत्रापुढे मात्र मान खाली घालून सही करतो, हे नवल नव्हे काय?

सरकारने २०२२ साली ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी संकेतस्थळ उघडले. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीसुलभतेचे दहापैकी गुण छापावे लागू लागले. ही पावले चांगलीच आहेत. परंतु सुटे भाग मिळाले, माहितीपुस्तिका मिळाली, तरी ‘दुरुस्त’ कशाला म्हणायचे हे ठरल्यावाचून हक्क अपुराच राहील. म्हणून आमची मागणी साधी आहे. कोणता भाग बदलला, तो नवा की नूतनीकृत, कोणती चाचणी किती तास चालविली आणि तिचा निकाल काय, या गोष्टी जॉबशीटवर छापील रकान्यांत आल्याच पाहिजेत. तोच दोष पुन्हा आला तर ती नवी तक्रार नव्हे, अपुरी राहिलेली जुनीच दुरुस्ती समजली पाहिजे.

आणि कंपनीने हे रकाने छापेपर्यंत आपण वाट का पाहावी? लक्ष्मीपूजनाला व्यापारी नवी वही पुजतो. यंदा घरातही एक वही पुजावी. घरातल्या प्रत्येक यंत्राला एक पान. खरेदीची तारीख, वॉरंटीची मुदत, बिघाडाचा दिवस आणि वेळ, काउंटरवर काय सांगितले ते. पुढच्या वेळी ‘टेस्टेड ओके’च्या कागदावर सही मागितली तर पेन हातात घ्यावे आणि सहीच्या वर स्वच्छ अक्षरांत लिहावे: ‘माझ्यासमोर चाचणी झालेली नाही.’ चार शब्द पुरेत. हजार घरांनी ते लिहिले, तर शिक्क्याची भाषा बदलल्यावाचून राहणार नाही. आणि ‘दुरुस्त’ हा शब्दही पुन्हा दुरुस्त होईल.