नडगी मोडली, बिडी चालूच

उंब्रजजवळ महामार्गावर दुचाकी घसरते, नडगी मोडते, रुग्ण कराडला जातो. ऑपरेशन होतं, रॉड बसतो. निघताना सांगतात, ‘बिडी बंद करा.’ कशी, ते कोण सांगणार?

निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडने रक्तातला ऑक्सिजन घटतो. नडगीला रक्तपुरवठा मुळातच कमी. मग हाड जुळायला वेळ लागतो, जखम चिघळते. ठरवलेल्या शस्त्रक्रियेआधी किमान ४ आठवडे धूम्रपान थांबवावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अपघात तेवढी सवड देत नाही. पण नंतर सोडूनही उपयोग होतो. स्वीडनमध्ये हाड मोडून ऑपरेशन झालेल्या काही रुग्णांना ६ आठवडे बिडी-सिगारेट सोडायला मदत केली. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मदत न मिळालेल्यांपैकी ३८ टक्क्यांना गुंतागुंत झाली, मिळालेल्यांपैकी २० टक्क्यांना.

आपल्याकडे १८००-११-२३५६ या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर अशी मदत मिळते, मराठीतूनही. घरी पडून असलेल्याला याहून सोयीचं काय? हा क्रमांक डिस्चार्ज कार्डावर, पुढच्या तपासणीच्या तारखेशेजारीच छापायला हवा. तंबाखू मळणाऱ्यांनीही फोन करावा, निकोटिन त्यातही असतंच. आणि भेटायला येणाऱ्या मित्रांनो, शहाळं आणा. बिडीचं बंडल नको.