अकरा महिन्यांचे बिऱ्हाड

मुंबई, ठाणे आणि पुणे या शहरांत भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाचे वर्ष अकरा महिन्यांचे असते. दहावा महिना लागला, की मालक मुदत वाढवून देईल किंवा नाही, दिलीच तर भाडे किती चढवील, आणि न दिली तर मुलांची शाळा, वृद्ध आईचा नेहमीचा डॉक्टर व स्वतःची सकाळची लोकल या तिन्ही गोष्टी साधतील असे दुसरे घर अनामत रकमेसह आपल्या आवाक्यात सापडेल काय, या चिंतेने त्या घरातील बोलण्याचा सूरच पालटतो. या कुटुंबांविषयी मला आज लिहावयाचे आहे. आणि त्यांच्याइतकेच त्या घरमालकाविषयीही, जो भाडेकरूच्या धास्तीने आपल्याच जागेचे कुलूप उघडण्यास कचरतो.

ही धास्ती अकारण उत्पन्न झालेली नाही. मुंबई राज्यात १९४७ साली भाडेनियंत्रणाचा जो कायदा झाला, त्याने १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे हेच प्रमाण भाडे मानले; आणि युद्धोत्तर टंचाईच्या काळात सामान्य माणसाला निवारा देणारा, तात्पुरता म्हणून आलेला तो कायदा मुदतवाढीमागून मुदतवाढ घेत अर्धशतक अंमलात राहिला. गिरगावातल्या, लालबाग-परळच्या चाळींतून वसूल होणाऱ्या भाड्यात जिन्याची डागडुजीही होईना. मालकाने दुरुस्ती सोडली, भाडेकरूने जागा सोडली नाही, तुळया कुजल्या, सज्जांना टेकू लागले, आणि अखेर शासनाला १९६९ साली कायदा करून उपकराच्या आधारावर दुरुस्ती मंडळ उभारावे लागले. ज्या रकमेची पावती कोणी देत नसे त्या पागडीवर शहराचा अर्धा गृहव्यवहार चालला. भाडेकरूचा कायम हक्क टाळावा म्हणून मालकांनी ‘लीव्ह अँड लायसन्स’ची वाट काढली, परंतु १९७३ च्या दुरुस्तीने, १ फेब्रुवारी १९७३ रोजी वैध करारान्वये जे परवानाधारक निवासी जागेत राहत होते, त्यांनाही भाडेकरूचे संरक्षण मिळाले. ज्याला ठराविक मुदतीपुरते घरात घेतले तो कायद्याने कायमचा झाला, हा अनुभव एका पिढीने घेतला आणि पुढच्या पिढ्यांना सांगितला.

माझ्या परिचयातील एका सेवानिवृत्त शिक्षिकेची डोंबिवलीतील दोन खोल्यांची सदनिका कित्येक वर्षे बंद आहे. भविष्यनिर्वाह निधीतून घेतलेली ती मिळकत भाड्याने दिली तर त्यांच्या औषधपाण्याचा खर्च सहज भागेल. पण ‘एकदा ताबा गेला की गेला,’ हे वडिलांचे वाक्य त्यांच्या मनातून जात नाही. मी त्यांना दोष देऊ शकत नाही. मात्र अशी कुलपे किती आहेत, हे पाहिले म्हणजे मन विषण्ण होते. २०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीने एकट्या मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी असल्याचे नमूद केले. आणि देशातील शहरांत भाड्याच्या घरांचे प्रमाण १९६१ साली ५४ टक्के होते ते २०११ पर्यंत २८ टक्क्यांवर उतरल्याचेही त्याच पाहणीत आहे. रिकाम्या घरांच्या सावलीत माणसे घर शोधीत हिंडतात, याइतकी विषादाची गोष्ट शहराच्या जीवनात दुसरी नसेल.

वास्तविक कायदा केव्हाच बदलला आहे. गोठविलेल्या भाड्याची तरतूद कालौघात अन्यायकारक झाल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली दिला, आणि ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला. त्याच्या कलम २४ अन्वये निवासाच्या परवान्याची मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याविरुद्ध मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे थेट दाद मागता येते. ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने नुकसानभरपाईही मिळते. मग अकरा महिनेच का? १९०८ च्या नोंदणी कायद्यान्वये एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणे सक्तीचे होते आणि ती नोंदणी टाळण्याकरिता एक महिना कमी लिहिण्याची वहिवाट पडली, एवढेच त्याचे कारण. महाराष्ट्रात तर १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ ने करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी करून नोंदविण्याचे दायित्व मालकावरच टाकले आहे. सबब अकरा महिन्यांनी आज ना नोंदणी टळते, ना ताब्याची अधिक शाश्वती मिळते. टळते ते केवळ एका कुटुंबाचे स्थैर्य. आणि लाभ होतो तो दर खेपेस नवी दलाली घेणाऱ्याचा.

भाडेकरूंच्या वर्तनातही खोट असते, हे मान्य केलेच पाहिजे. अनामत मालकाकडे आहे म्हणून अखेरचे दोन महिने भाडे न देणारे, परस्पर पोटभाडेकरू ठेवणारे, नळ व फरशीची दुर्दशा करून जाणारे लोक पुढच्या प्रामाणिक माणसाची वाट बंद करून जातात. परंतु ज्याला वर्ष पुरे होण्याआधीच निघावयाचे आहे, त्याला त्या वास्तूविषयी आस्था कोठून वाटावी? आणि आडनाव, धर्म, स्वयंपाकघरात काय शिजते, एकटी स्त्री रात्री किती वाजता परतते, यांवरून जेथे घर नाकारले जाते, तेथे तर कोणत्याही पूर्वानुभवाची सबब मला मान्य नाही; तो निखळ अन्याय आहे, आणि सोसायटीच्या ठरावाने तो न्याय्य होत नाही.

म्हणून ज्यांच्याकडे द्यावयास घर आहे, त्या वाचकांना माझी विनंती आहे. पुढचा करार तीन वर्षांचा लिहा. दरसालची वाढ त्यातच नमूद करा. अनामत परत करण्याची तारीख, दुरुस्तीचा खर्च आणि घर सोडण्यापूर्वी द्यावयाची सूचना या बाबी स्पष्ट शब्दांत लिहून दस्त नोंदवा. आणि भाडेकरूने मुदतीच्या शेवटच्या दिवशी किल्ली हातावर ठेवावी. महाराष्ट्राचा मुद्रांक कायदा ज्या परवाना-करारावर एकूण रकमेच्या केवळ पाव टक्का शुल्क आकारतो, तो करार साठ महिन्यांपर्यंतचा असू शकतो.