हाताचा कंप आणि आईच्या अक्षता

परवा कपाट आवरताना भाचीच्या लग्नातले फोटो हाती लागले. त्यातल्या एकात आई अक्षता टाकायला हात उचलून उभी आहे. मागचा खांब स्वच्छ, शेजारणीच्या शालूचे काठ मोजून घ्यावेत इतके स्पष्ट. पण आईचा चेहरा आणि हात पुसट. आई आता नाही. त्या लग्नात मी काढलेला तिचा तेवढाच फोटो.

लेन्स तेव्हा नवी होती, स्टॅबिलायझर असलेली. मग फोटो बिघडला कसा?

आमच्या गल्लीतले स्टुडिओवाले पूर्वी बजावायचे, ‘सर, कै अलुगाडबारदु.’ हात हलता कामा नये हे खरेच. पण हात हलतोच. लांबची लेन्स माणूस जवळ आणते, तसा हाताचा कंपही मोठा करून दाखवते. म्हणून फिल्मच्या काळापासून एक ठोकताळा आहे : लेन्स २०० मिलिमीटरची असेल, तर शटर निदान १/२०० सेकंदाचे ठेवावे. कार्यालयातल्या मंद उजेडात ते परवडत नाही.

इथे स्टॅबिलायझर कामाला येतो. डोक्यावर भरली घागर घेऊन चालणारी बाई आठवा. पावले हलतात, पण मान तो हेलकावा सावरते आणि पाणी सांडत नाही. लेन्समध्ये हा हेलकावा ओळखणारे छोटे जायरो सेन्सर असतात. कॅमेरा किती आणि कोणीकडे कलला हे ते सेकंदाला शेकडो वेळा कळवतात. त्यानुसार आतला भिंगांचा एक गट विद्युतचुंबकाच्या जोरावर सरकतो आणि प्रतिमा जागच्या जागी धरतो.

कॅननने १९९५ साली ७५-३०० मिलिमीटरच्या लेन्समध्ये ही सोय आणली. एसएलआर कॅमेऱ्याची अशी ती पहिली लेन्स. कॅनन तिला ‘आयएस’ म्हणते, निकॉन ‘व्हीआर’, टॅमरॉन ‘व्हीसी’. नावे निराळी, काम एकच. मिनोल्टाने २००३ मध्ये दुसरी वाट धरली : भिंगाऐवजी कॅमेऱ्यातला सेन्सरच हलवायचा. आज कित्येक मोबाइलमध्येही अशीच सोय असते.

खोक्यावर ‘तीन स्टॉप’ लिहिलेले असते. प्रत्येक स्टॉपला वेळ दुप्पट होतो. म्हणजे १/२०० चे १/१००, मग १/५०, मग १/२५. इतक्या संथ शटरलाही हाताचा कंप फोटोत उतरत नाही.

माझी चूक इथेच झाली. मी खुशाल १/३० वर फोटो काढला. लेन्सने आपले काम चोख केले; म्हणून तर खांब आणि काठ स्पष्ट आले. पण ती सावरते फक्त फोटो काढणाऱ्याचा हात. अक्षता टाकणारा आईचा हात तिला कसा थांबवता येणार? त्याला शटरच जलद हवे, निदान १/२५०. त्यासाठी आयएसओ वाढवावा लागतो. फोटोत थोडे दाणे दिसतील, दिसू द्यावेत. दाणेदार आई मला चालली असती.

दोन गोष्टी आणखी. बटण अर्धे दाबून क्षणभर थांबा. दर्शिकेतले चित्र शांत झालेले दिसले की पूर्ण दाबा. आणि कॅमेरा तिवईवर असेल तर, विशेषतः जुन्या लेन्सचा, स्टॅबिलायझर बंद ठेवा. नसलेला कंप शोधता शोधता तो स्वतःच प्रतिमा हलवू शकतो.

पुढच्या लग्नात वधूवरांचे फोटो काढणारे पुष्कळ असतील. आपण घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ जा. ‘अज्जी, स्वल्प इल्ली नोड्री’ म्हणा, नाहीतर ‘आजी, इकडे बघ जरा’. ती थांबून बघेल, तेव्हा बटण दाबा. मी त्या दिवशी आईला हाक मारली नव्हती.