ट्रॅपची तपासणी फरशी बसण्याआधी व्हावी



देहूरोडच्या भोवती, विशेषतः किवळे-रावेतच्या बाजूला, उभ्या राहत असलेल्या इमारतींच्या न्हाणीघरांत बाथटब दिसू लागला आहे. परंतु त्याच्या निचऱ्याचा नळ आणि ट्रॅप संकन स्लॅबमध्ये, म्हणजे न्हाणीघरासाठी खाली दाबून घेतलेल्या स्लॅबच्या खोलगट भागात, कोब्याखाली गाडला जात असल्यामुळे भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी तपासणाऱ्याला तो दिसणेच शक्य नसते. म्हणूनच ही तपासणी फरशी बसण्याआधी सक्तीची व्हावी, अशी या पत्राची मागणी आहे.

ट्रॅप म्हणजे नळाला दिलेला असा बाक, की ज्यात सांडपाणी वाहून गेल्यावरही थोडे पाणी अडून राहते आणि मैलावाहिनीतील वायू व झुरळे यांना घरात येऊ देत नाही. हे अडलेले पाणी म्हणजेच वॉटर सील असून, २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेच्या प्लंबिंगविषयक नवव्या भागानुसार त्याची खोली किमान ५० मिलिमीटर हवी. बेसिनमधून थोडे थोडे पाणी जाते. टबातून मात्र दीड-दोनशे लिटर एकदम सुटते, नळ तोंडोतोंड भरून वाहतो आणि वाहत्या पाण्यामागे पडणारी पोकळी ट्रॅपमधले पाणीही ओढून नेऊ शकते. ही ओढ मोडण्यासाठी व्हेंट, म्हणजे बाहेरची हवा आत घेणारा नळ, जोडावा लागतो, आणि खर्च वाचवताना बहुधा त्यालाच कात्री लागते. टब रिकामा होताना अखेरीस न्हाणीघराच्या जमिनीवरील जाळीतून मोठी गुडगुड ऐकू आली, तर सील ओढले जात असल्याची शंका घ्यावी.

परदेशी नियम जसाच्या तसा उचलणे हा मात्र यावरचा उपाय नव्हे. टबाला स्वतंत्र ट्रॅप असावा, हा पाश्चात्त्य संहितांचा आग्रह रोज टब वापरणाऱ्या घरांना शोभतो. ज्या घरी रोजची आंघोळ बादलीनेच होते आणि टब सणासुदीलाच भरला जातो, तेथे तो ट्रॅप एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात आटून जाण्याचा धोका असतो. त्यापेक्षा टबाचा नळ आखूड ठेवून अनेक तोंडांच्या नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे न्हाणीघराच्या जमिनीतील जाळीखालच्या ट्रॅपमध्ये, सोडणे अधिक शहाणपणाचे ठरते, कारण बादलीच्या आंघोळीचे पाणी त्याचे सील रोज भरत राहते. मात्र मग टबाखाली आणखी एक ट्रॅप बसवू नये. दोन ट्रॅपांच्या मध्ये हवा कोंडते, पाणी तुंबते आणि ते खालच्या सदनिकेच्या छताला ओल देऊ लागते.

आटलेल्या सीलचे परिणाम दुर्गंधीपुरते राहत नाहीत. २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्सची लागण तीनशेहून अधिक रहिवाशांना झाली, तेव्हा तपासात न्हाणीघरांतील कोरडे पडलेले ट्रॅप हे प्रसाराचे एक संभाव्य कारण मानले गेले.

राष्ट्रीय इमारत संहिता स्वतःहून बंधनकारक नाही. स्थानिक नियमावलीने स्वीकारले तेवढ्यापुरतीच ती लागू होते. देहूरोडमध्ये कॅन्टोन्मेंट बोर्डाची हद्द संपताच महापालिकेची सुरू होते आणि हद्दीबरोबर बांधकामाचे नियमही बदलतात. सांडपाण्याला मात्र ही हद्द ठाऊक नाही, म्हणून दोन्ही यंत्रणांनी या बाबतीत एकच नियम लावणे इष्ट आहे. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत निदर्शनास आणलेला कामातील दोष विकासकाने विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो, ही तरतूद मोलाची आहे. तथापि दोष मुळातला की रहिवाशाने नंतर केलेल्या फेरफाराचा, हे कोब्याखालच्या नळाबाबत सिद्ध करणे सामान्य सदनिकाधारकाच्या आवाक्याबाहेरचे असते, आणि पाच वर्षे उलटली की वरच्या व खालच्या शेजाऱ्यांत वाद जुंपतो.

यासाठी कोबा भरण्याआधी नळ उघडा असताना नळाची खालची तोंडे बंद करून त्यात पाणी भरावे व सांधे पाझरतात का ते पाहावे. टब बसल्यानंतर तो काठोकाठ भरून एकदम सोडावा आणि नहाणी ट्रॅपची जाळी काढून पट्टीने उरलेले सील मोजावे, जे २५ मिलिमीटरपेक्षा कमी भरल्यास काम नापास ठरवावे. उघड्या नळांची मापांसह छायाचित्रे व परवानाधारक प्लंबरच्या सहीचा नकाशा ताबा देतानाच गृहनिर्माण संस्थेच्या दप्तरी जमा करण्याची अट भोगवटा प्रमाणपत्राला जोडावी.

— एक वाचक, देहूरोड