पानठेल्यावरच्या टवाळांची बाजू

मागच्या हिवाळ्यात आमच्या तालुक्याच्या गावी एक व्याख्यान झाले. व्याख्याते शहरातले विद्वान गृहस्थ होते. त्यांचे नाव सांगत नाही. सांगितले तर त्यांना फुकटची प्रसिद्धी आणि मला फुकटचे वैर. विषय होता ग्रामीण भागातील वाचन. वाचनाविषयी त्यांना जे सांगावयाचे होते ते दहा मिनिटांत आटोपले, आणि उरलेली पन्नास मिनिटे त्यांनी आमच्या लोकांच्या बोलण्यावर खर्च केली. इथली माणसे सकाळ-संध्याकाळ पानठेल्यावर बसतात, नाटकासिनेमाच्या चकाट्या पिटतात, नटनट्यांची उणीदुणी काढतात, एकमेकांच्या टोप्या उडवतात, आणि म्हणून हा मुलूख मागे राहिला, असा त्यांचा सिद्धांत. टाळ्याही पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत आमच्याच ठेल्यावरचे चौघे होते, हे मी या डोळ्यांनी पाहिले. बाहेर आल्यावर मी त्यांना जाब विचारला, तेव्हा त्यांतले वडीलधारे मामा म्हणाले, "काय करू गा मास्तर, मानूस एवढा जीव तोडून बोलत होता. टारी नाय वाजवली असती तर त्याले वाईट वाटलं असतं."

त्या सद्गृहस्थांना उत्तर देण्याचे काम मग माझ्याकडे आले. ते मी दिवाळीच्या फराळाबरोबर आपल्यापुढे ठेवीत आहे. चकलीइतके खुसखुशीत नसेल. तिखट मात्र आहे.

आधी माझा अधिकार सांगतो. माझे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेले नाही. एका लहानशा खासगी शाळेत खालच्या वर्गांतल्या मुलांना मी अक्षरे गिरवायला शिकवतो, आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. त्या कादंबऱ्यांत जी चार वाक्ये लोकांना आवडली, ती सगळी मी ठेल्यावरून चोरलेली आहेत. वीस वर्षे त्या बाकावर बसतो आहे. मध्यंतरी शाळेच्या एका वरिष्ठांनी बोलावून समजही दिली, की शिक्षकाला हे शोभत नाही. मी मान खाली घालून ऐकले आणि संध्याकाळी ठेल्यावर जाऊन ती हकीगत अभिनयासह सांगितली.

आता त्या बाकावर चालते काय? धान कापून झाले, बांध्या मोकळ्या झाल्या, की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम उभा राहतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांच्या मुलखाला आम्ही झाडीपट्टी म्हणतो. भाऊबीजेच्या सुमारास पडदा उघडतो तो होळीपर्यंत मिटत नाही. देसाईगंज, म्हणजे आमचे वडसा, हे या धंद्याचे ठाणे. कंपन्यांची कचेरी तिथे, तारखा ठरतात तिथे, नटांची पळवापळवी तिथे. गावोगावची मंडळे जाऊन नाटक ठरवून येतात, आणि मंडईच्या किंवा शंकरपटाच्या दिवशी रात्री बांधीत शामियाना ठोकून प्रयोग लागतो. जेवणवेळ उलटल्यावर सुरू झालेले नाटक कोंबडा आरवेपर्यंत चालते. गाणी आहेत, वाद्ये समोर बसलेली आहेत, खलनायक आहे, विनोदी नट आहे, आईची हाय आहे. घरोघरी पाहुणे आलेले असतात. लेकी माहेरी येतात, आणि कित्येक सोयरिका नाटकाच्याच रात्री पक्क्या होतात. तिकीट काढून, थंडीत कुडकुडत, रात्रभर जागून नाटक पाहणारा एवढा समाज महाराष्ट्रात आणखी कोठे आहे, ते त्या विद्वानांनी मला दाखवावे. त्यांच्या शहरात तिसऱ्या अंकाला लोक गाडी काढायच्या चिंतेत असतात.

आणि हे नाटक टिकले कशावर? सरकारी अनुदानावर नव्हे, वृत्तपत्रातल्या परीक्षणावर तर मुळीच नव्हे. ते टिकले ठेल्यावरच्या बोलण्यावर. एका वर्षी एका कंपनीचा नायक पिऊन रंगमंचावर आला आणि मेलेल्या बापाला "नमस्कार, बसा" म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आमच्या बाकावर खटला उभा राहिला. बाप झालेल्या नटाचे कौतुक झाले, कारण तो मेलेला असूनही हसला नाही. नायकाचे मात्र वस्त्रहरण झाले. त्याची नक्कल आमच्या बापूने इतक्या वेळा केली की आठवड्याभरात ती शेजारच्या चार गावी पोचली, आणि पुढल्या हंगामात मंडळाने त्या कंपनीचे नाव घेतले नाही. परीक्षण दुसरे काय करते? हे परीक्षण छापलेले नव्हते एवढाच त्याचा दोष; पण त्याचा परिणाम झाला, जो छापलेल्या परीक्षणांचा होताना मी क्वचितच पाहिला आहे.

हसवणाऱ्याची किंमतही त्याच बाकावर आधी ठरते. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. बातमी आली त्या दिवशी ठेल्यावर मोठा आनंद झाला, परंतु आश्चर्य कोणालाच वाटले नाही. मामा म्हणाले, "आपुन तं कवाच देली होती. दिल्लीले कागद उशिरा पोचते."

सिनेमाच्या गोष्टीही होतात. त्याने तर त्या गृहस्थांचा फारच संताप झाला होता. होतात, आणि कशा होतात ते ऐकावे. 'शोले' 1975 चा. बाकावरच्या निम्म्या लोकांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. तरी गब्बरचा खटला अजून निकाली निघालेला नाही. बापूचे म्हणणे, गब्बर रामगडऐवजी भामरागडच्या रानात राहता, तर ठाकूरची गरजच पडली नसती. एका पावसाळ्यात हिवतापाने टोळी अर्धी केली असती आणि उरलेली अर्धी रक्त तपासायला प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रांगेत उभी राहिली असती. 2016 साली 'सैराट' आला तेव्हा महिनाभर भांडण चालले. शेवट बघून एक काका दोन दिवस ठेल्यावर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले, कोणाशी बोलले नाहीत, आणि मग एकदम म्हणाले, "पोरीले फोन केला गा काल." पळून जाऊन लग्न केलेल्या त्यांच्या मुलीशी ते सहा वर्षे बोलत नव्हते. त्या दिवशी कोणी टोपी उडवली नाही. ठेलेवाल्याने चहा मागवला आणि पैसे घेतले नाहीत. याला महाशय चकाट्या म्हणतात!

आमचा एक सोयरा सिरोंच्याचा आहे. तिकडे नदी ओलांडली की तेलंगणा. त्यामुळे तो तेलुगू सिनेमे मुळातून पाहतो आणि आम्हांला अडाणी समजतो. 'बाहुबली' आम्ही हिंदीत पाहिला म्हणून त्याने आमचे सांत्वन केले होते. या माणसाने कधी शाळेत भाषांतराचा धडा वाचलेला नाही. पण एकाच वाक्याला तेलुगूत हशा का पिकतो आणि हिंदीत का पिकत नाही, हे त्याने बाकावर बसून असे समजावले की मी घरी येऊन लिहून ठेवले.

दोष नाहीत असे मी म्हणणार नाही. नाटकाच्या मधेच नाच घुसवायची खोड काही कंपन्यांना लागली आहे, आणि त्याला शिट्ट्या मारणारे आमच्याच गावचे आहेत. बाकावर बायकांना जागा नाही, ही तर उघड खोट आहे. त्यांची परीक्षणे विहिरीवर आणि रोवणीच्या बांधीत चालतात, आणि ती आमच्यापेक्षा कडक असतात असे घरून कळते. खर्रा घोटून घोटून पोरांची तोंडे उघडेनाशी झाली आहेत. त्याविरुद्ध व्याख्यान द्या, पहिली टाळी मी वाजवीन. पण खर्ऱ्याचा राग शब्दांवर काढू नका.

खरे दुखणे मला निराळे दिसते. आमचे सगळे काही चालते. 2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारशाहून आमच्या रानातले सागवान वाजतगाजत गेले. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट; आमची धूळ आम्ही खातो आणि दिवे लांबच्या शहरांत लागतात. बल्लारपूरच्या गिरणीत आमच्या बांबूचा कागद झाला, आणि काय सांगावे, आमची टवाळी करणारी कित्येक पुस्तके त्याच कागदावर छापली गेली असतील. लाकूड चालते, वीज चालते, कागद चालतो. आमचे बोलणे तेवढे चालत नाही. आमच्या झाडीबोलीत 'ळ' नाही, 'ण' नाही. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीच्या अभ्यासात आयुष्य घातले, तरी शाळेत 'सकार' म्हटले की अजून वर्ग हसतो.

माझ्याच वर्गात एक मुलगा होता. वर्षभर त्याने तोंड उघडले नाही. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारले तेव्हा मुका उभा राहिला. साहेबांनी त्याच्या नावापुढे काहीतरी वाईट लिहिले. त्याच मुलाने मंडईनंतरच्या सोमवारी, मधल्या सुट्टीत, पिंपळाखाली, आदल्या रात्रीच्या खलनायकाचा अख्खा प्रवेश म्हणून दाखवला. एकदाच ऐकलेला! कोठे थांबायचे, कोठे हसायचे, सगळे बिनचूक. मधे नट एक ओळ विसरला होता, ती त्याने पदरची घातली आणि ती मूळच्यापेक्षा बरी होती. मी विचारले, "हे कुठून शिकलास रे?" तो म्हणाला, "ठेल्यावर, सर. आमचा बाबा सांगते तेवा आयकतो." साहेबांच्या वहीत हे लिहायला रकाना नव्हता.

2014 साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती थांबवल्या आणि शंकरपट बंद पडले. पटाच्या निमित्ताने होणाऱ्या नाटकांवरही गदा आली. 2021 च्या डिसेंबरात परवानगी मिळेपर्यंत मधे करोनाही येऊन गेला. त्या हिवाळ्यात एकही शामियाना आमच्याकडे उभा राहिला नाही. तेव्हा बाकावर, तोंडाला फडके बांधून, हातहात अंतर ठेवून, या टवाळांनी जुनी नाटके तोंडपाठ म्हटली. एकाने नायक घ्यावा, एकाने सासू, आणि आमच्या बापूने पडदा ओढणारा. प्रेक्षक म्हणून एक कुत्रे आणि मी. हंगाम पुन्हा लागला तेव्हा लोकांना नाटकाची भूक होती, कारण दोन वर्षे कोणीतरी तिची आठवण मोडू दिली नव्हती.

त्या व्याख्यानाचे पुढे काय झाले तेही सांगतो. दुसऱ्या दिवशी ठेल्यावर बापूने ते व्याख्यान जसेच्या तसे करून दाखवले, चष्मा पुसण्यासकट, पाण्याच्या पेल्यासकट. सर्वांचे एकमत पडले की गृहस्थांचा आवाज चांगला आहे, उंचीही आहे, पण हात कोठे ठेवावेत ते कळत नाही. सावकाराचे काम दिले तर जमेल, बापाचे नाही.

यंदा आमच्या मंडळाने नाटक ठरवले आहे. महाशयांनी अवश्य यावे. त्यांची पुढची जागा राखून ठेवायला मी सांगितले आहे आणि तिकिटाचे पैसे मामा देणार आहेत. पहाटे धुके पडते. कानाला बांधायला काहीतरी आणावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला घाईने परत जाऊ नये.