यंत्राने हाताशी जुळवून घ्यावे

संगणकाच्या तासाला माऊसचा बाण पडद्यावर सैरावैरा धावू लागला, की सारे म्हणतात, "अजून हात बसला नाही!" घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेला विद्यार्थी हे मुकाट्याने खरे मानतो. मला ते मान्य नाही.

डग्लस एंगलबर्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे माऊस जगाला दाखवला, तो माणसाच्या सोयीसाठी. मग बाणाचा वेग दुसऱ्याने ठरवावा आणि आपण तो सोसावा, हा कुठला न्याय?

एक्स-विंडो पद्धतीच्या लिनक्सवर 'एक्सइनपुट' नावाचा चिमुकला प्रोग्राम चालतो. टर्मिनलच्या खिडकीत त्याचे नाव, पुढे 'सेट-प्रॉप', माऊसचे नाव, 'लिबइनपुट ॲक्सेल स्पीड' आणि शेवटी उणे १ ते १ यांमधला आकडा लिहावा. ० म्हणजे मूळ वेग, उणे ०.५ लिहिताच बाण मंदावतो. लॉग-आउट केल्यावर वेग पूर्ववत होतो, म्हणून पुढच्या विद्यार्थ्याचीही अडचण होत नाही.

कोणी म्हणेल, मेनूतही ही सोय आहेच. आहे, पण मेनूची वाट दर प्रणालीत निराळी. ही ओळ मात्र वहीत उतरवता येते, शेजारच्या मित्राला देता येते.

मुठीत न बसणारा पाना आमच्या देहूरोडचा कारागीरही बाजूला ठेवतो. तेव्हा प्राध्यापकांना विनंती, की पहिल्याच तासाला ही ओळ शिकवावी. विद्यार्थ्याच्या हाताला दोष देण्याआधी यंत्राचा वेग तपासावा!