रिचार्जचे दिवस मोजले जातात, मग रेंज गेलेले दिवस का नाही?

२८ दिवसांचा पॅक संपायच्या आधीच कंपनीचे मेसेज सुरू होतात. पण त्याच २८ दिवसांत चार दिवस टॉवर बंद होता, असा मेसेज तुम्हाला कधी आलाय? अक्राणी, अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या पाड्यांवर हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. पॅक चालू, फोन चार्ज, आणि बोलायला टेकडी चढायची.

आधी पैशांचा हिशोब. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले. एअरटेल आणि व्हीआयचा १७९ रुपयांचा २८ दिवसांचा पॅक १९९ वर गेला, जिओचा १५५ वरून १८९ वर. महिना २८ दिवसांचा धरला की वर्षात १२ नाही, १३ रिचार्ज होतात. १९९ च्या दरानं वर्षाला २,५८७ रुपये. पंचांगातला अधिक महिना साधारण तीन वर्षांनी येतो, कंपन्यांचा दरवर्षी. ट्रायनं २०२२ मध्ये ३० दिवसांचा एक तरी प्लॅन ठेवायला लावलाय, पण तो मुद्दाम विचारावा लागतो.

डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं डेटा नको असलेल्यांसाठी फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक द्यायला सांगितलं. महिनाभरात एअरटेलनं ४६९ रुपयांचा आणि जिओनं ४४८ रुपयांचा असे ८४ दिवसांचे पॅक आणले. दिवसाचा खर्च कमी झाला हे खरं. पण रोजंदारीवरच्या घरात साध्या फोनसाठी साडेचारशे रुपये एकदम काढणार कोण?

‘परवडत नसेल तर घेऊ नका’ असं म्हणणारे भेटतात. नंदुरबारमध्ये हे वाक्य फारच विचित्र वाटतं. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिला गेला. आज त्याच आधारचा ओटीपी मोबाइलवर येतो. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी करतानाही ओटीपी लागला. ऊसतोडीला गुजरातेत गेलेला नवरा फोन सोबत घेऊन गेला असेल, तर बाई ओटीपी कुठून आणणार? सिम चालू ठेवणं ही हौस राहिलेली नाही.

आता मुद्द्याचं. ट्रायच्या २०२४ च्या सेवा-गुणवत्ता नियमांनुसार मोठा बिघाड होऊन सेवा २४ तासांहून जास्त बंद राहिली, तर पोस्टपेडवाल्यांना भाड्यात सूट आणि प्रीपेडवाल्यांना व्हॅलिडिटी वाढवून द्यायची आहे. प्रीपेडची तरतूद १ एप्रिल २०२५ पासून लागू झाली. नैसर्गिक आपत्ती वगळलेली आहे. ऐकायला छान. पण हा बिघाड जिल्ह्याच्या पातळीवर मोजतात. धडगावकडच्या एका टॉवरखालचे पाच-सहा पाडे तीन दिवस मुके झाले, तरी नंदुरबार शहरात फोन लागत असतो आणि जिल्हा ‘चालू’ ठरतो. मी इंजिनिअरिंग शिकलोय, सरासरीचं महत्त्व कळतं. पण पैसे पाड्यावरून घेता आणि बिघाड जिल्ह्यावर मोजता, हा हिशोब मला पटत नाही. टॉवर किती तास बंद होता याची नोंद कंपनीकडे असते. एकक टॉवर धरायला तांत्रिक अडचण नाही, इच्छेची आहे.

नियम बदलेपर्यंत काय करायचं? ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. आधी कंपनीच्या कस्टमर केअरला तक्रार करा आणि डॉकेट नंबर लिहून ठेवा. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. तिथंही हात हलवत परतावं लागलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २००९ च्या एका निकालाचा आधार घेत कंपन्या म्हणायच्या, की टेलिफोनचे वाद ग्राहक मंचाकडे नेताच येत नाहीत. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं तो मुद्दा फेटाळला. २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच दावा करता येतो, वकील सक्तीचा नाही आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षांची. सुरुवातीला १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलून पाहा.

आणखी एक. याच नियमांनी कंपन्यांना कव्हरेजचे नकाशे वेबसाइटवर टाकायला लावलेत. तुमचा पाडा त्यात शोधा. नकाशात रंग भरलेला दिसला आणि हातातल्या फोनवर एक काडीही नसेल, तर दोन्हींचे स्क्रीनशॉट तारखेसह काढून ठेवा. तक्रारीला जोडायचा पहिला पुरावा तोच.